पांढऱ्या पेशी आणि त्यांची आठवण

घरांतील एखाद्या मुलाचा ताप तीन दिवसांत उतरला नाहीं, म्हणजे डॉक्टर रक्त तपासून आणण्यास सांगतात. संध्याकाळीं तपासणीचा कागद हातीं येतो. त्यावर हिमोग्लोबिन, तांबड्या पेशी, प्लेटलेट ह्यांचे आंकडे असतात आणि त्याखालीं पांढऱ्या पेशींची एकूण संख्या देऊन तिची पांच नांवांमध्यें शेंकडेवारीनें वांटणी केलेली असते. न्यूट्रोफिल, लिंफोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल हीं तीं पांच नांवें. एखाद्या आंकड्यापुढें ठळक खूण दिसली, कीं घरांतील मंडळींचा जीव खालींवर होऊं लागतो. आजोबा चष्मा पुसून कागद पुन्हां वाचतात, आई माहेरीं फोन लावते, आणि ‘पोराची प्रतिकारशक्ति कमी झाली’ असा निकाल डॉक्टरांनीं तोंड उघडण्यापूर्वींच लागून जातो. त्या पांच नांवांमागें काय आहे, हें समजून घेणें फारसें अवघड नाहीं. आणि तें समजलें म्हणजे असला निकाल किती घाईचा असतो, हेंही ध्यानांत येतें.

मोहरीच्या दाण्याहून लहान अशा एका घन मिलिमीटर रक्तांत तांबड्या पेशी सुमारें ४५ ते ५० लाख असतात. पांढऱ्या पेशी प्रौढ माणसांत अवघ्या ४ ते ११ हजार. म्हणजे सहा-सातशें तांबड्यांमागें एखादीच पांढरी. त्या खरोखर पांढऱ्या नसतात, बिनरंगी असतात. रक्ताची नळी यंत्रांत गरगर फिरविली म्हणजे तांबडा सांका खालीं बसतो, पिवळसर द्रव वर राहतो, आणि दोहोंच्या मध्यें सायीसारखा एक पातळ फिकट थर दिसतो. हा थर ह्या पेशींचा.

ह्या अल्पसंख्य पेशी करतात तरी काय, ह्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर एका कांट्यानें दिलें. १८८२ सालीं इल्या मेच्निकॉफ हा प्राणिशास्त्रज्ञ ओडेसा येथील प्राध्यापकाची जागा सोडून सिसिली बेटावरील मेसिना शहरीं समुद्रकांठीं राहत होता. एके दिवशीं घरचीं माणसें सर्कशींतील शिकविलेलीं माकडें पाहावयास गेलीं आणि हा सूक्ष्मदर्शक घेऊन एकटाच बसला. समोर तारामाशाचीं कांचेसारखीं पारदर्शक अर्भकें होतीं. त्यांच्या अंगांत इकडून तिकडे फिरणाऱ्या पेशी पाहतां पाहतां त्याच्या मनांत आलें कीं, ह्या पेशी जर शरीराचें रक्षण करीत असतील, तर बाहेरचा पदार्थ आंत घुसतांच त्याच्याभोंवतीं त्या गोळा झाल्या पाहिजेत. माणसाच्या बोटांत कुसळ गेलें म्हणजे तेथें पू धरतो, तसेंच कांहींसें येथें घडलें पाहिजे. त्यानें बागेंतून गुलाबाचे कांटे आणले आणि त्या अर्भकांच्या त्वचेखालीं टोंचले. उत्कंठेमुळें रात्रभर डोळ्यास डोळा लागला नाहीं. पहांटे पाहतो तों कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! ह्या पेशी परक्या पदार्थास गिळतात व जिरवितात, म्हणून त्यांस भक्षक पेशी असें नांव मिळालें. ह्याच मेच्निकॉफचा ओडेसा येथील एक विद्यार्थी पुढें गुरूच्या पाठोपाठ पॅरिसला गेला आणि तेथून हिंदुस्थानांत आला. त्याचें नांव वाल्डेमार हाफकिन. मुंबईंत १८९६ सालीं प्लेग शिरला तेव्हां त्यावरील लस त्यानेंच तयार केली व १८९७ च्या जानेवारींत ती प्रथम स्वतःला टोंचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नांवाची.

कांट्याकडे सर्वांच्या आधीं धांवणाऱ्या पेशी त्या न्यूट्रोफिल. प्रौढाच्या कागदावर त्यांचा आंकडा बहुधा सर्वांत मोठा, शेंकडा ४० ते ७०, असतो. त्या हाडांतील मज्जेंत तयार होतात, आणि निरोगी माणसाच्या शरीरांत रोज सुमारें दहा हजार कोटि तयार होतात. एकं, दहं, शतं घोकतांना ‘निखर्व’ हा शब्द जन्मांत कधीं उपयोगीं पडेल असें कोणत्याही विद्यार्थ्यास वाटत नाहीं. येथें तो उपयोगीं पडतो, कारण दहा हजार कोटि म्हणजेच एक निखर्व. एवढें उत्पादन लागतें, कारण ह्या पेशींचें रक्तांतील आयुष्य फार थोडें. कांहीं तासांचें, फार तर कांहीं दिवसांचें. जखमेची वर्दी पोंचतांच त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, भिंतींतील सांध्यांतून अंग चोरून बाहेर पडतात आणि जंतूंस गिळतात. गिळलेल्या जंतूंवर त्या जें रसायन सोडतात, तें कपडे शुभ्र करण्याच्या ब्लीचिंग पावडरींतील द्रव्याचेंच भावंड आहे. २००४ सालीं बर्लिन येथील संशोधकांस असें आढळलें कीं, ह्या पेशी प्रसंगीं स्वतःच्या केंद्रकांतील तंतु बाहेर फेंकून त्यांच्या जाळ्यांत जंतु अडकवितात. गळूं पिकून फुटतें तेव्हां जो पू वाहतो, तो बव्हंशीं ह्या मृत पेशींचा असतो. त्याची हिरवट झांकही त्यांच्यांतील एका द्रव्यामुळें येते. जंतूंमुळें होणाऱ्या रोगांत ह्यांचा आंकडा पुष्कळदां चढतो. मात्र तो केवळ त्यामुळेंच चढतो असें नाहीं. स्टेरॉइडच्या औषधानें आणि शरीरावर पडलेल्या भारी ताणानेंही चढतो. डेंग्यूसारख्या विषाणूच्या तापांत तर पांढऱ्या पेशींची एकूण संख्याच खालीं येते. एकट्या आंकड्यावरून रोग ओळखूं पाहणें हें नुसत्या गुणपत्रिकेवरून मुलाचा स्वभाव ओळखण्यासारखें आहे.

आतां ह्या परक्या नांवांविषयीं थोडेंसें. पाउल एर्लिख ह्या जर्मन विद्यार्थ्यास कापडाच्या कारखान्यांतील कृत्रिम रंगांचा विलक्षण नाद होता. रक्ताचा पातळ लेप कांचेवर देऊन तो त्यावर निरनिराळे रंग ओतून पाही. १८७९ च्या सुमारास त्यास दिसून आलें कीं, कांहीं पेशींतील कण आम्लधर्मी लाल इओसिन उचलतात, कांहीं अल्कधर्मी रंग घेतात, तर कांहींना दोहोंच्या मधला उदासीन रंग मानवतो. त्यावरून इओसिनोफिल, बेसोफिल आणि न्यूट्रोफिल हीं नांवें पडलीं. नांवें रंगावरून पडलीं, कामावरून पडलीं नाहींत. म्हणून तीं वाचून कामाचा कांहींच बोध होत नाहीं, ह्यांत वाचणाऱ्याचा दोष नाहीं.

इओसिनोफिल शेंकड्यांत चार-सहांच्या वर सहसा जात नाहींत. पोटांतील जंत, दमा, अंगावर उठणारें पित्त अशा वेळीं त्या वाढतात. जंतासारखा प्राणी गिळून टाकण्याइतका लहान नसतो. तेव्हां त्या त्याच्या अंगाला भिडून आपल्याजवळील विषारी कण त्यावर ओततात. १९४३ सालीं वाइनगार्टेन ह्यांनीं हिंदुस्थानांतील रुग्णांवरून एका विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें: रात्रीं उसळणारा खोकला, धाप, आणि रक्तांत इओसिनोफिल पेशींची प्रचंड गर्दी. हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींवर शरीर अति चिडून उठल्यामुळें हा खोकला होतो, हें पुढें ठरलें. बेसोफिल तर शंभरांत एखादीच. तिच्या कणांत हिस्टामिन असतें, आणि डोळ्यांची खाज व नाकाचें पाणी हा पुष्कळसा त्या हिस्टामिनचा प्रताप.

मोनोसाइट पेशींकडे मात्र थोडें थांबून पाहिलें पाहिजे. रक्तांत त्या दोन-तीन दिवसांच्या पाहुण्या असतात. नंतर त्या अवयवांत शिरून मोठ्या भक्षक पेशींचें रूप घेतात. यकृत, प्लीहा, फुप्फुसें, त्वचा अशा ठिकाणीं ह्या जातीच्या पेशी मुक्कामास असतात, आणि त्यांतील पुष्कळ तर मूल जन्मण्यापूर्वींच तेथें वस्तीला आलेल्या असतात. सुमारें १२० दिवस राबून थकलेल्या तांबड्या पेशी प्लीहेंत मोडींत काढून त्यांतील लोह परत कामाला लावणें हें त्यांचें नित्यकर्म. शहरांतील धुरानें काळवंडलेले कण फुप्फुसांत ह्याच पेशी पोटांत घेऊन बसतात. क्षयाचा जंतु मात्र इतका धूर्त कीं, तो ह्यांच्या पोटांत जाऊनही मरत नाहीं, तेथेंच बिऱ्हाड करतो. आजीच्या कपाळावरील किंवा मनगटावरील गोंदण साठ-साठ वर्षें कां पुसलें जात नाहीं, ह्याचें उत्तरही येथेंच आहे. गोंदणाचा रंग त्वचेंतील ह्या पेशी गिळतात. त्यांस तो पचवितां येत नाहीं. फ्रान्समध्यें मार्से येथील संशोधकांनीं २०१८ सालीं उंदरांवर दाखविलें कीं, अशी पेशी मेली म्हणजे तिच्या पोटांतला रंग बाहेर पडतो, आणि शेजारीं नव्यानें आलेली पेशी तो तत्काळ उचलून धरते. चित्र तेंच राहतें, धरणारे हात बदलतात.

येथवर सांगितलेल्या पेशींत एक गोष्ट सारखी आहे. त्या तत्पर आहेत, परंतु बऱ्याच अंशीं विसराळू आहेत. आज आलेला जंतु पांच वर्षांनीं पुन्हां आला, तर न्यूट्रोफिलच्या लेखीं तो नवखाच. मग एकदां देवी येऊन गेलेल्या माणसास दुसऱ्यांदा सहसा देवी कां येत नसत? ह्या प्रश्नावर मेच्निकॉफ आणि जर्मन पंडित ह्यांच्यांत दीर्घकाळ वाद चालला. रक्षण पेशी करतात, असें मेच्निकॉफ म्हणे. बेरिंग आणि कितासातो ह्यांनीं १८९० सालीं दाखविलें कीं, पेशी काढून टाकलेल्या नुसत्या रक्तद्रवानेंही घटसर्प व धनुर्वात ह्यांचें विष निकामी होतें. तेव्हां रक्षण द्रवांतील प्रतिपिंडें करतात, असें जर्मनांचें म्हणणें. १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मेच्निकॉफ आणि एर्लिख ह्यांस विभागून मिळालें. दोघेही आपापल्या परीनें खरे होते. परंतु हीं प्रतिपिंडें निर्माण करणारी, आणि वर्षानुवर्षें आठवण ठेवणारी पेशी दोघांच्या डोळ्यांसमोर असूनही दोघांस ओळखतां आली नाहीं.

ती पेशी म्हणजे लिंफोसाइट. सूक्ष्मदर्शकाखालीं ती अगदींच सामान्य दिसते: लहान, वाटोळी, बहुतेक सर्व अंग केंद्रकानें भरलेलें, ना कण ना रंग. ती कांहीं गिळत नाहीं, कांट्याकडे प्रथम धांवतही नाहीं. म्हणून पन्नास वर्षें पंडितांनीं तिला जवळजवळ निरुद्योगी ठरविलें होतें. एक कोडें मात्र सुटत नव्हतें. छातींतील मुख्य लसिकावाहिनींतून रोज इतक्या लिंफोसाइट रक्तांत येऊन पडतात कीं, रक्तांतील त्यांचा सगळा सांठा दिवसांतून अनेक वेळां बदलला जावा. मग आधींच्या जातात कोठें? त्या मरत असाव्यात, असा समज होता. ऑक्सफर्ड येथें जेम्स गोवन्स ह्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत उंदरांच्या त्या वाहिनींतील द्रव बाहेर काढीत नेला, तेव्हां लिंफोसाइट रोडावत गेल्या; त्याच पेशी परत रक्तांत सोडतांच त्या वाहिनींत पुन्हां दिसूं लागल्या. म्हणजे त्या मरत नव्हत्या. रक्तांतून ग्रंथींत, ग्रंथींतून लसिकेंत आणि लसिकेंतून पुन्हां रक्तांत अशी त्यांची अखंड गस्त चालू होती.

१९६१ सालीं जॅक मिलर ह्यांनीं लंडनमध्यें नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस ही छातींतील ग्रंथि काढून टाकली. ह्या ग्रंथीसही तोंवर कोणी फारशी किंमत देत नसे. ते उंदीर खंगत गेले, त्यांच्या लिंफोसाइट घटल्या, आणि परक्या उंदराच्या कातड्याचें ठिगळही त्यांच्या अंगावर खुशाल राहिलें. थायमसमध्यें शिक्षण घेऊन बाहेर पडणाऱ्या ह्या लिंफोसाइट त्या टी पेशी. त्यांतील कांहीं इतरांस आज्ञा देतात, कांहीं विषाणूनें बाधलेल्या पेशींस मारतात. एड्सचा विषाणु नेमका आज्ञा देणाऱ्यांचाच नाश करतो, म्हणून एरवीं क्षुद्र असलेले जंतुही त्या रोग्यास भारी होतात. दुसरा वर्ग बी पेशींचा. मज्जेंत तयार होणाऱ्या ह्या पेशी योग्य इशारा मिळतांच प्रतिपिंडें स्रवूं लागतात. प्रत्येक लिंफोसाइट जन्मतः एकाच आकृतीला ओळखूं शकते. कोट्यवधि पेशींत कोट्यवधि आकृत्या असतात. जंतु आला म्हणजे ज्या थोड्यांना तो जुळतो, त्यांचीच वाढ होते. ह्या वाढीस कांहीं दिवस लागतात, आणि ताप लगेच कां उतरत नाहीं, ह्याचें एक कारण तेंच.

थायमसमधील परीक्षा फार कडक असते. तेथें आलेल्यांपैकीं शेंकडा पांचही उत्तीर्ण होत नाहींत. ज्या स्वतःच्याच शरीरावर उठण्याचा संभव, त्यांचा बहुधा तेथेंच अंत होतो. तरीही कांहीं निसटतात, आणि त्यांस आवरणाऱ्या वेगळ्या टी पेशी असतात. जपानचे शिमोन साकागुचि ह्यांनीं १९९५ सालीं त्या दाखविल्या. ह्या विषयावरील कार्याबद्दल २०२५ चें नोबेल पारितोषिक त्यांस आणि मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांस मिळालें. हा आवर सुटला म्हणजे सांधे, स्वादुपिंड, त्वचा ह्यांवर स्वतःच्याच पेशी तुटून पडतात. वर्तमानपत्रांत ‘प्रतिकारशक्ति वाढविणाऱ्या’ काढ्यांच्या आणि गोळ्यांच्या जाहिराती येतात, तेव्हां कोणती पेशी वाढविणार आणि कोणती आवरणार, असें त्या विकणाऱ्यास एकदां विचारून पाहावें. दमा आणि अंगावरचें पित्त हीं वाढलेल्या प्रतिकाराचींच रूपें आहेत.

कागदावरील लिंफोसाइटच्या आंकड्याकडे आतां निराळ्या दृष्टीनें पाहतां येईल. साधारण चार-पांच वर्षांच्या आंतील मुलांत हा आंकडा न्यूट्रोफिलहून मोठा असणें स्वाभाविक आहे. मोठ्या माणसाच्या मापानें तो मोजून घाबरण्याचें कारण नसतें. दुसरें असें कीं, शरीरांतील एकूण लिंफोसाइटपैकीं शंभरांत सुमारें दोनच एका वेळीं रक्तांत असतात. बाकीच्या प्लीहेंत, मज्जेंत, आंतड्याच्या अस्तरांत आणि लसिकाग्रंथींत. रक्ताची तपासणी म्हणजे रस्त्यावरील माणसें मोजून शहराची खानेसुमारी करण्याचा प्रकार. पायाला ठेंच लागून जखम चिघळली म्हणजे जांघेंत अवधाण येतें, तें ह्या ग्रंथींतील गर्दीमुळें. जखमेच्या जागेवरून विशेष जातीच्या पेशी जंतूंचे तुकडे घेऊन ग्रंथींत येतात व लिंफोसाइटना दाखवितात, आणि तेथें त्यांची वाढ सुरू होते. प्लेगची ती भयंकर गांठ हीही ह्याच ग्रंथीची असे. मात्र तेथें जंतूनें ग्रंथीच काबीज केलेली असे.

जंतूचा निकाल लागल्यावर वाढलेल्या पेशींतील बहुतेक मरून जातात; थोड्या उरतात. त्या उरलेल्या म्हणजेच शरीराची आठवण. ही आठवण किती टिकते, ह्याचा एक जुना दाखला फारो बेटांवरचा आहे. स्कॉटलंड आणि आइसलंड ह्यांच्या मधील ह्या बेटांवर १७८१ सालीं गोवराची साथ येऊन गेली होती; त्यानंतर पासष्ट वर्षें तेथें गोवर नव्हता. १८४६ सालीं तो पुन्हां आला, आणि ७,७८२ वस्तींपैकीं सुमारें ६,००० माणसें आजारी पडलीं. पानुम हा पंचवीस वर्षांचा डॅनिश डॉक्टर घरोघर हिंडून टिपणें करीत होता. त्यास आढळलें कीं, १७८१ सालीं लहानपणीं ज्यांना गोवर आला होता, अशा हयात म्हाताऱ्यांपैकीं एकासही तो दुसऱ्यांदा आला नाहीं. मध्यंतरीं आठवण ताजी करून देण्यास गोवर बेटावर फिरकलाही नव्हता.

लस टोंचून हीच आठवण रोग न भोगतां निर्माण केली जाते. परंतु गोवराची आणखी एक खोडी आहे, आणि ती अलीकडेच नीट कळली. ज्या लिंफोसाइटनीं पूर्वींच्या रोगांची आठवण धरून ठेवलेली असते, नेमक्या त्यांच्यांतच गोवराचा विषाणु शिरतो व त्यांस मारतो. नेदरलंडमधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचें रक्त गोवरापूर्वीं आणि गोवरानंतर तपासून २०१९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: इतर रोगांविरुद्धचीं त्यांचीं प्रतिपिंडें शेंकडा ११ पासून ७३ पर्यंत नाहींशीं झालीं होतीं. गोवर आलेलें मूल त्यांतून बरें झालें, तरी पुढें न्यूमोनियानें किंवा जुलाबानें कां दगावतें, ह्याचा उलगडा ह्यांत पुष्कळसा होतो. अंगावरचे लाल पुरळ आठवड्यांत मावळतात. गोवराच्या भरांत लिंफोसाइटचा आंकडा उतरतो, पण तोही लवकरच पूर्वपदावर येतो. कारण गोवराशीं लढणाऱ्या नव्या लिंफोसाइट ती जागा भरून काढतात. तपासणीचा कागद निर्दोष दिसतो, आई निश्चिंत होते, आणि त्या मुलानें चार-पांच वर्षांत सर्दी-तापांतून मिळविलेली जुनी आठवण मात्र अर्धीअधिक गेलेली असूं शकते. ती त्यास पुन्हां एकेक रोग भोगून मिळवावी लागते.

मुंबईंत २०२२ च्या अखेरीस गोवंडीच्या बाजूस गोवराची साथ उसळली आणि कांहीं मुलें दगावलीं. भारताच्या लसीकरण कार्यक्रमांत गोवर-रुबेला लशीची पहिली मात्रा मूल ९ ते १२ महिन्यांचें असतांना आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांचें असतांना देतात. पहिली टोंचल्यावर दुसरीचा दिवस पुष्कळ घरांतून विसरला जातो; लस टोंचल्याच्या कार्डावर तो लिहिलेला असतो.